उखर्डू आणि मास्तरांचा उजवा पाय

भांडण तसं पाच मिनिटांचं. पण मी ते पडद्याआडून ऐकलं होतं, आणि चोरून ऐकलेलं जास्त दिवस टिकतं.

साक्रीकडे डोंगराच्या पायथ्याला आमचं मिशन होतं. माझा नवरा तिथल्या वसतिगृहाचा स्वयंपाकी आणि मी त्याच्या हाताखाली. ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. त्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे धुतले होते ना, म्हणून. बारा खुर्च्या मांडतात, प्रत्येकाचा उजवा पाय, तांब्याची धार, मग पांढरा टॉवेल. ही बारा माणसं निवडायचं काम झुलाल मास्तरांकडे. मास्तर म्हणजे शाळेतले नाही, धर्म शिकवणारे. सायकलवर पाड्यापाड्यानं फिरून प्रार्थना शिकवायचे. फादरांच्या खालोखाल त्यांचा मान. मी चर्चच्या मागच्या खोलीत तो पाय धुवायचा तांब्या चिंचेनं घासत होते आणि पडद्यापलीकडे मास्तर रांग लावत होते.

"हे असले पाय घेऊन तू फादरांपुढे बसणार?" मास्तर म्हणाले.

"धोयेल शेतस मास्तर. घरथून धोईसन उनू. भेगा शेतस त्या, मळ नही." हा आवाज उखर्डूचा; घरून धुवून आलोय, असं म्हणत होता. तेव्हा तो सव्वीस-सत्तावीसचा असेल, लोकांच्या शेतात राबायचा.

"मळ कुठला आणि भेग कुठली हे मला नको शिकवू. ऊठ. पुढच्या वर्षी बघू."

 मला वाटलं, उठला असेल. पण तो मनात काहीतरी घोळवत होता.

"मास्तर, एक इचारू का? धोयेलच पाय आनाना शेतस, तं मंग आठे धोवाना कसाले?"

धुतलेलेच पाय आणायचे तर इथं पुन्हा धुवायचे कशाला, असं म्हणत होता. कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाहेर हो." ते इतकं हळू म्हणाले की माझ्या हातातला तांब्या थांबला. उखर्डूच्या खुर्चीवर मग पोलीस पाटील सुकदेव बसले. ते त्या दिवशी पायमोजे घालून आले होते.

पस्तीस वर्षं झाली या गोष्टीला. मिशनच्या वसतिगृहाला कुलूप लागलं आणि आम्ही सगळे पोटामागे जळगावला आलो. मी पिंप्राळ्यात राहते. उखर्डूही पिंप्राळ्यात होता, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. होता म्हणते, कारण मागच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो गेला. केळीचा ट्रक भरता भरता पाणी प्यायला सावलीत बसला, तो उठलाच नाही. ऊन त्रेचाळीसवर होतं. त्याची लाल बादली भिकुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्या दारात आणून ठेवली. ती अजून माझ्या मोरीत आहे. कोरडी नसते, एवढंच सांगते.

त्याच्याबद्दल चर्चमध्ये भाषणं झाली. ती ऐकून मला मळमळलं, म्हणून मी हे लिहायला बसले. तिसरीपर्यंत शिकलेली आहे, चुकलंमाकलं तर सोडून द्या.

आधी त्याच्या नावाचं सांगते. त्याच्या आईची दोन लेकरं तान्हेपणी गेली होती. तिसरं झालं तेव्हा सुईणीनं त्याला उचललं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेण, राख, सडलेला भाजीपाला, त्यात बाळ. मग दुसरी बाई म्हणाली, अगं हे बघ कुणाचं पडलंय, आणि उचलून आईच्या ओटीत घातलं. असं केलं की मरणाला त्या पोराची किळस येते आणि ते दुसरीकडे जातं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून नाव उखर्डू. पुढे फादरांनी बाप्तिस्म्याचं पाणी घालून त्याला अंतोन केलं, पण अंतोन म्हणून हाक मारली तर तो मागे वळून बघायचा, कोणाला बोलावताहेत म्हणून.

मला वाटतं मरणाला त्याची किळस आली की नाही देव जाणे, पण त्याला कशाचीच यायची नाही.

मला येते. खोटं कशाला बोलू? दुसऱ्याचं खरकटं मी तोंड फिरवून उचलते. आणि उखर्डूचं काम काय, तर आमच्या चर्चमधले जे कोणी खाटेला खिळलेले, त्यांना धुणं. दिवसभर केळीच्या गोडाउनात घड उचलायचे आणि कामाच्या आधी, नाहीतर नंतर, लाल बादली घेऊन कोणाच्या तरी दारात. कोणाची पाठ सडलेली, कोणाच्या अंगाखालची चादर तीन दिवस तशीच, सुना नाकाला रुमाल लावून बाहेर ओट्यावर बसलेल्या. हा आत जायचा, दार लोटायचा. अर्ध्या तासानं म्हातारं माणूस पावडर लावून बसलेलं असायचं आणि हा गटारीशी बादली विसळत असायचा. सुना मग म्हणायच्या, "भाऊ, चहा घेता का?" पण कपात नाही, स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला वेगळा ठेवलेला. मी पाहिलाय तो पेला. खिडकीत, उपडा.

त्याचे कपडेही तसेच. केळीचा चीक एकदा सदऱ्याला लागला की काळा डाग पडतो, तो कशानंच जात नाही. सदरा फाटतो, डाग राहतो. त्यामुळे अंघोळ करून आला तरी उखर्डू मळकाच दिसायचा. मिस्सेला बाकावर त्याच्या शेजारच्या दोन जागा नेहमी रिकाम्या.

आणि भिकुबाई. तिनं बिचारीनं काय कमी सोसलं? सुरुवातीला एकदा, घरात दुसरं भांडं सापडलं नाही म्हणून, हा पीठ मळायची परात घेऊन गेला. कोणाचे तरी पू झालेले पाय त्यात बुडवले, घासूनपुसून परात जागेवर ठेवली आणि गप्प राहिला. तिनं त्यात दोन दिवस भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी त्या आजाऱ्याच्या मुलीनं नळावर तिला सांगितलं, "काकू, तुमची परात फार कामाला आली." भिकुबाईनं परात थेट विहिरीत टाकली आणि आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बाजारातून लाल बादली आणून त्याच्या पायाशी आपटली. "ही तुन्ही. मन्हा भांडासले हात लावशी तं हात तोडसू."  आठवड्यातून एकदा तरी मी तिच्याकडे भाकरी खाल्लेली आहे.

माझं काम एवढंच की जुनी सुती लुगडी फाडून त्याच्या पट्ट्या करायच्या. शनिवारी तो यायचा. मी उंबऱ्यातून गठ्ठा द्यायची, हात लांब करून. त्याला कळायचं. तोही हात लांब करायचा.

आता मास्तरांकडे येते.

झुलाल मास्तर अठ्ठ्याहत्तरचे झाले. बायको गेली, मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि मास्तरांना पिंप्राळ्याच्या एका मागच्या खोलीत ठेवून गेला. साखरेचं दुखणं. उजव्या पायाच्या अंगठ्याला खडा टोचला, तो कळला नाही. अंगठा काळा झाला, मग शेजारचं बोट, मग चवडा. वास असा की सडलेला पेरू चामड्याच्या चपलेत घालून उन्हात ठेवावा. मी एकदा फळं द्यायला गेले, दारातून परत फिरले. फळं शेजारणीकडे ठेवली.

उखर्डू रोज जायचा. दवाखान्यातल्या नर्सनं त्याला औषधाचं पाणी कसं करायचं, पट्टी कशी गुंडाळायची ते दाखवलं होतं. पावसाळ्यात एकदा त्या जखमेत अळ्या झाल्या. त्यानं चिमट्यानं एकेक काढल्या आणि मला सांगताना बोटं मोजत होता, "सत्रा निंघनात अक्का." मी भरीत खात होते. ताट बाजूला सारलं.

"त्यांनी तुला खुर्चीवरून उठवलं होतं," मी म्हटलं. "विसरलास?"

"कोनी? मास्तरनी?" तो पट्ट्या मोजत म्हणाला. "ती गोष्ट व्हई गयी."

मागच्या वर्षीचा उपवासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस आम्ही जिभेला आणि हाताला आवर घालतो, आणि दयेची कामं करतो. भुकेल्याला जेवण, उघड्याला कपडा, आजाऱ्याची भेट, मेलेल्याला माती, अशी सात. आमच्याकडे एक मंडळ आहे त्यासाठी. प्रेमराज त्याचा प्रमुख. फरशीचं दुकान आहे त्याचं, माणूस वाईट नाही, बोलायला गोड. त्या वर्षी त्यानं छापील कार्डं वाटली. सात कामं, सात चौकोन, काम केलं की खूण करायची आणि ईस्टरला कार्ड दानपेटीत टाकायचं. लोकांनी पहिल्या आठवड्यातच खुणा संपवल्या. एका बाईनं मला विचारलं, "आजी, मेलेल्याला माती या खुणेसाठी कोणी मेलेलं आहे का ओळखीत?"

एका रविवारी मंडळ दवाखान्यात केळी वाटायला गेलं. मीही गेले. एका म्हाताऱ्याच्या हातात एक केळं, आणि त्या केळ्याला सहा जणांचे हात लागलेले, फोटोसाठी. फोटो हलला म्हणून केळं परत घेतलं, पुन्हा दिलं. म्हाताऱ्याला साखर होती. त्यानं तोंड उघडलं सांगायला, तर प्रेमराज म्हणाला, "हसा बाबा, हसा." मी त्या फोटोत आहे. मीही हसतेय. तो चर्चच्या फळ्यावर अजून लावलेला आहे, आणि मी त्या बाजूनं जात नाही.

उखर्डूलाही कार्ड मिळालं होतं. मी त्याला विचारलं, खुणा केल्यास का? म्हणाला, "कार्ड चांगलं शे. मलम पसराले कामी येस."

मग चिठ्ठ्या निघाल्या. आता बारा माणसं मास्तर निवडत नाहीत; नवे फादर आले ते केरळचे, तरुण, त्यांनी सांगितलं, सगळ्या घरांची नावं डब्यात टाका. सातवी चिठ्ठी उखर्डूची निघाली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो खांबाशी उभा होता. त्याला आनंद झाला की नाही ते कळलं नाही, त्याचा चेहरा तसाही बोलका नव्हता. पण घरी जाताना माझ्यासोबत तो तीन वेळा म्हणाला, "सातवी खुर्ची, अक्का."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं, पाय ठेवता येणार नाही. ईस्टर झाला की मंगळवारी गुडघ्याखालून कापू.

मास्तर रडले नाहीत. उखर्डू पट्टी बांधत होता तेव्हा म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना त्या खुर्च्यांवर बसवलं. मी कधी बसलो नाही. मी व्यवस्था करणारा, मी कसा बसणार? आता म्हटलं असतं, एकदा बसावं. पण पुढल्या वर्षीच्या गुरुवारी धुवायला हा पाय राहणार नाही."

डाव्या पायानं चालतं का, असं उखर्डूनं विचारलं. मास्तर म्हणाले, "उजवा रे. नियम आहे." मरायला टेकले तरी नियम सुटला नव्हता.

"मंग मन्ही खुर्ची तुमले," उखर्डू म्हणाला. "मी लई जासू."

मास्तरांना स्वतः घेऊन जायचं ठरवलं, हे मला त्यानंच सांगितलं, शनिवारी, पट्ट्या घेताना. मी म्हटलं, "अरे, पस्तीस वर्षांनी तुझी चिठ्ठी निघाली."

"मन्हा दोन्ही पाय शेतस ना," तो म्हणाला. "माले पुढला साली भी चालतीन."

गुरुवार आला. मी साडेपाचलाच जाऊन पुढून तिसऱ्या बाकावर बसले. बारा खुर्च्यांना पांढरी कापडं, खाली नवी लाल चटई. बारापैकी अकरा येऊन बसले आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा मळमळलं ते तिथं. प्रत्येकजण घरून पाय धुवून आलेला, ते ठीक. पण कोणी अत्तर लावलेलं, कोणी पावडर, एकानं तर नखांना तेल. एकानं फक्त उजवाच पाय घासला होता. चपला काढल्या तेव्हा दिसलं, उजवा गोरापान आणि डावा रस्त्यासारखा. त्या सगळ्यांचा मिळून असा वास येत होता, जसा लग्नाच्या मांडवात शिळ्या हारांचा येतो.

पावणेसहाला बाहेर लोटगाडीचा आवाज झाला. उखर्डूनं केळीची गाडी धुवून, तिच्यावर गोधडी टाकून मास्तरांना आणलं होतं. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात, दाढी केलेले, केस विंचरलेले. पायाला माझ्या लुगड्याची नवी पट्टी. ती हिरव्या काठाची होती, मी ओळखली. उखर्डूनं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि मधल्या वाटेनं चालत आला.

वास त्यांच्या आधी आला.

लोकांनी माना वळवल्या नाहीत, हे विशेष. नाकं झाकली, आणि पुढे बघत राहिले. माझ्या मागच्या बाईनं पर्समधून निलगिरी काढली. प्रेमराज खांबाजवळून लगबगीनं आला. त्याचा फोन तिथं काठीवर लावलेला होता, परगावच्या नातेवाइकांना मिस्सा दिसावी म्हणून.

"मास्तर, तुम्ही कशाला त्रास घेतला?" तो म्हणाला. "चला, मागे बसा, पंख्याखाली. फादर तिथं येऊन आशीर्वाद देतील."

"ते सातव्या खुर्चीवर बसतीस," उखर्डू म्हणाला. मास्तर अजून त्याच्या पाठीवर होते.

"भाऊ, खुर्ची तुझी आहे. तुझं नाव निघालंय."

"म्हनीसनच मी त्यासले दिधी."

"अशी देता येत नाही. आणि जखम उघडायची, इथं, सगळ्यांसमोर? लहान मुलं आहेत. फादरांना काही झालं म्हणजे? नवीन आहेत ते." मग तो हळू आवाजात म्हणाला, "निदान डावा पाय पुढे करायला सांग. उजवा चादरीखाली राहू दे."

"डावा नको," मास्तर वरून म्हणाले. "नियम उजव्याचा आहे."

प्रेमराजनं इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसले. "आजी, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतो हा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. आता सांगताना शब्द फिरवू शकते, पण फिरवत नाही. मी म्हटलं, "उखर्डू, ने त्यांना मागे. आणि तू बस. तुझी वेळ आलीय, घालवू नको."

आणि हे बोलताना माझा पदर नाकावर होता. मला तो तिथं कधी गेला ते कळलंही नाही. उखर्डूला दिसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पदर खाले कर अक्का, गुदमरशी."

मग तो वळला आणि मास्तरांना घेऊन शेवटच्या बाकावर गेला. स्वतः त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला, तो पाय मांडीवर घेऊन, म्हणजे लोंबकळून दुखू नये. सातवी खुर्ची रिकामी राहिली तशी प्रेमराज घाईनं तिच्यावर बसला. बूट काढले. मोजे काढले. मोजे नवे होते, त्यांचा दोरा अंगठ्याला चिकटून राहिला होता.

फादर आले. गायन झालं, वाचन झालं. फादरांनी कंबरेला टॉवेल गुंडाळला आणि सातव्या खुर्चीपाशी गुडघे टेकले तेव्हा प्रेमराजनं डोळे मिटले. फार भक्तीनं मिटले. धूपदाणीत त्या दिवशी नेहमीच्या तिप्पट धूप टाकला होता. टाका म्हणून कोणी सांगितलं ते मी पाहिलं होतं. अख्खं चर्च खोकत होतं, पण त्या खोकल्याची कोणाला लाज नव्हती.

मिस्सा झाल्यावर फादर मागे गेले. प्रेमराज त्यांना म्हणाला, "आजारी आहेत, आशीर्वाद हवा होता." फादरांनी दोन हातांवरून क्रूसाची खूण केली. त्यांना काही माहीत नव्हतं, आणि आम्ही शंभर माणसं तिथं होतो, एकानंही सांगितलं नाही. मास्तरांनी मान लववली. लोटगाडी कुरकुरत गेली.

घरी येऊन मी तो पदर धुतला. दोनदा धुतला. मग मोरीत बसून राहिले आणि मला माझ्याच नाकाची किळस आली. अशी किळस जी कुठल्या परातीची, कुठल्या अळ्यांची कधी आली नव्हती. मास्तरांच्या पायाला वास येत होता, तो त्यांच्या हातात नव्हता. आम्हा अत्तरवाल्यांचा आमच्या हातात होता.

शुक्रवारी सकाळी उपास होता. सातच्या सुमारास मी दारात बसले होते, तर उखर्डू लाल बादली घेऊन गल्लीतून निघालेला. मी त्याला हाक मारली नाही. पट्ट्यांचा गठ्ठा घेतला, दार ओढलं आणि मागे चालू लागले. त्यानं एकदा वळून पाहिलं.

"आज शनवार नही शे अक्का."

"माहीत आहे मला. चाल."

मास्तरांच्या खोलीच्या दारात माझे पाय थांबले. वास तोच होता, तेवढाच होता. तो कमी झाला असं मी म्हणणार नाही. पदराचं टोक मी कंबरेला खोचलं होतं, घट्ट, मुद्दाम, आणि तोंडानं श्वास घेत आत गेले. मास्तर म्हणाले, "यशोदाबाई, या. बसा. स्टूल मोडकं आहे, जपून."

उखर्डूनं त्याचं नेहमीचं काम सुरू केलं. स्टोव्हवर पाणी, त्यात औषध, कोपर बुडवून पाहिलं. आधी डावा पाय धुतला. "आधी चांगला," तो मला म्हणाला, "म्हनजे मास्तरले पानीनी सवय व्हस." मग उजव्याची पट्टी सोडली. मी पाहिलं. पूर्ण पाहिलं. मग पुढे होऊन बादली धरली, कारण बादली धरायला कोणी नव्हतं.

"सांभाळून," मास्तर म्हणाले. "हा पाय आता चार दिवसांचा पाहुणा आहे."

"पाव्हनाले पानी देवानंच पडस," उखर्डू म्हणाला.

मास्तर त्याच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या वर्षी तुला उठवून मी कोणाला बसवलं होतं, आठवतं?"

"पाटीलले."

"त्याचे पाय कसे होते?"

"मोजा व्हतात. दिसनात नही."

"चर्चच्या छपराला पत्रे देणार होता तो." मास्तरांनी छताकडे बघितलं. "तुझे पाय स्वच्छ होते उखर्डू. मी पाहिले होते. मला दिसत होतं, भेगा आहेत म्हणून."

मी उखर्डूकडे बघत होते. पस्तीस वर्षांनी माणसाला असं काही ऐकायला मिळालं तर तो काय करेल? तो दोन बोटांच्या मधे कापसाचा बोळा फिरवत होता, अगदी हलक्या हातानं, जसं लेकराच्या कानामागे पुसतात.

"माले माहीत व्हतं मास्तर," तो म्हणाला. "घरथून मीच धोयेल व्हतात ना. जरा टाच वर करा. दुखस का?"

"नाही."

"दुखत नही म्हनीसन तं घात व्हयना. आते दुखानं व्हतं."

मास्तर हसले. खरं हसले, खोकला येईपर्यंत. उखर्डूनं त्यांचा पाय तेवढा वेळ धरून ठेवला, हलू दिला नाही. मग तांब्यातलं कोमट पाणी वरून सोडलं, चवड्यावर, घोट्यावर, काळ्या बोटांवर. मी खाली बादली धरून होते आणि ते पाणी माझ्या मनगटावर उडालं. मी हात काढला नाही. त्यानं ते पाहिलं. पाय टिपून कोरडा केला, खिशातून ते सात चौकोनांचं कार्ड काढलं, त्याच्या कडेनं मलम पसरलं, हिरव्या काठाची पट्टी गुंडाळली आणि टोक खोचलं.

"आज मिस्सा नही, प्रार्थना तीन वाजता शे," तो मास्तरांना म्हणाला आणि न्यायला येऊ का, ते विचारलं. "इसू का लेवाले?"

"नको. आज इथूनच करतो."

"मंग उद्या."

"उद्या," मास्तर म्हणाले.

बाहेर येऊन त्यानं बादलीतलं पाणी गटारीत ओतलं, नळाखाली धरून तीनदा विसळली, राखेनं कडा घासली आणि उलटी करून झटकली. मग तळहाताचा वास घेऊन पाहिला, सदऱ्याला पुसला आणि घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून म्हणाला, "ट्रक लागना व्हई," आणि बादली खांद्यावर अडकवून गोडाउनच्या रस्त्यानं चालता झाला.